तोडलेल्या हराळीवरची पैज

आत्याला सांगण्यासाठी मी फोन उचलला, तेवढ्यात बाबांचाच फोन आला. अंगणातल्या दोन ट्रेंपैकी एकातल्या हराळीला पहिला तुरा आला होता, जांभळट, बोटं फाकवल्यासारखा... आणि बाबा नागपूरहून सांगत होते की लग्नासाठी तिकडे गेलेली आत्या झोपेतच गेली. मी "हो" म्हटलं. तुऱ्याचं कुणालाच सांगितलं नाही.

आत्या वणीतल्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवायची. निवृत्त झाली तरी आवाज वर्गातलाच राहिला. एम.एस्सी.साठी मी तिच्याकडे राहायला आले, तेव्हा ती अख्ख्या गल्लीशी बोलायची आणि मी तिच्याशीसुद्धा मोजकंच. इंग्रजी शाळेमुळे मराठीत चुकेन अशी धास्ती वाटते, असं मी सांगायचे. खरं तर धास्ती बोलण्याचीच होती.

हराळी, म्हणजे आपली दूर्वा, दोन मार्गांनी पसरते हे तिनं मला जेवताना शिकवलं. एक तर जमिनीवरून धावती फांदी सोडायची. तिच्या पेरापेराला मुळं फुटतात आणि तीच हराळी पुढे सरकते. नाहीतर तुरा काढून बी धरायचं, म्हणजे नवा जीव लांब जाऊ शकतो. पण शिदोरी एकच. "धावतीले जास्त देल्लं तं तुऱ्याले कमी पडते," म्हणत ती माझ्या ताटातली अर्धी भाकर उचलायची. ही वाटणी कशी होते ते पाहायला आम्ही एकाच हराळीची कांडं दोन ट्रेंत लावली. एक ट्रे उन्हात, दुसरा सावलीत, असा बेत होता.

तो शेजारच्या काकूंनी मोडला. त्या रोज सकाळी गणपतीसाठी दूर्वा खुडायच्या आणि कोळशाच्या ट्रकांची धूळ जावी म्हणून दोनदा धुवायच्या. उन्हातला ट्रे त्यांना भलताच सोयीचा वाटला. कोवळे शेंडे गायब झालेले पाहून मला रडू आलं. आत्यानं मात्र टाळ्या पिटल्या.

"काकू, आता रोज याच ट्रेतली तोडजा! दुसऱ्याले हात लावसान तं पाहा!"

"काहून वं मॅडम, यातली गोड हाय का?"

"गणपतीले इचारा!"

फरक फक्त खुडण्याचाच राहावा म्हणून सावलीतला ट्रेही मग उन्हात आला. तोडलेली फुलणार नाही, सगळं पानांत आणि धावतीत जाईल, असं आत्याचं म्हणणं. "फुलेल," मी म्हणाले. का, ते मलाही सांगता येईना.

"आगं माय, हिले तोंड हाय!" आत्या ओरडली आणि काकूंच्या साक्षीनं पैज लागली. मी हरले तर तिच्या कॉलेजात मुलांपुढे उभं राहून सगळं सांगायचं. ती हरली तर तिनं दिवसभर गप्प बसायचं.

आत्या गेली, सुतक लागलं आणि काकू खुडायला यायच्या थांबल्या. शेंडे बिनधास्त वाढू लागले. असंच चाललं तर पैजेला अर्थच उरणार नव्हता. मी स्वतः खुडून पाहिलं, पण मला तुरा हवा होता ना... बोटं नेमके चांगले शेंडे चुकवायची. शेवटी मी काकूंचं दार वाजवलं.

"सुतकाच्या घरची दूर्वा देवाले चालते का, बाई?"

"देवाला नको, काकू. आत्याला हवी आहे."

"मंग बकरीले घालतो," त्या म्हणाल्या आणि दुसऱ्या सकाळपासून नेहमीच्याच चिमटीनं, भराभर खुडू लागल्या.

न तोडलेला ट्रे तुऱ्यांनी भरला. तोडलेल्यात एकही नाही. गेल्या आठवड्यात मी मनातल्या मनात आत्याला जिंकवलं आणि तोडलेला ट्रे उचलायला गेले... तो हलेना! मागच्या काठावरून एक धावती खाली उतरली होती, मातीत रुजली होती. मी गुडघ्यांवर बसून तिच्यामागे गेले. पेर, मूळ, पुन्हा पेर... भिंतीलगतच्या आत्याच्या प्लास्टिकच्या खुर्चीखाली, काकूंचा हात कधीच पोहोचला नसता अशा जागी, तुरा उभा होता.

"काकूऽऽ!" मी इतक्या जोरात ओरडले की समोरच्या घरातलेही बाहेर आले.

काकू वाकून पाहत राहिल्या. "ट्रेत नाही, पन झाड तं तेच. मंग कोन जिंकलं?"

"दोघी."

"दोघी हरल्या म्हन! मंग मॅडमनं गप बसाव आन् तुवा बोलाव..." त्या मध्येच थांबल्या.

आत्याच्या कॉलेजला मी फोन केला आहे. ट्रे आणि खुर्ची जागेवरच आहेत.