बिलकुलमामांचा अर्धा शब्द

बिलकुलमामांना नाही म्हणता येत नसे. जालन्याच्या मस्तगड भागात त्यांचं भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. गिऱ्हाईक काहीही विचारो, हातातल्या ट्यूबवरची नजर न हलवता मामा म्हणायचे, "बिलकुल." सायकल मिळेल का? बिलकुल. ब्रेक लागतात का हिचे? बिलकुल. ब्रेक लागायचे ते चालवणाऱ्याच्या चपलांचे. त्यांचं खरं नाव गल्लीत फार थोड्यांना ठाऊक होतं, आणि मलाही ते त्यांच्या मुलीच्या लग्नपत्रिकेवर वाचूनच कळलं.

आमच्या जालन्याकडे हा शब्द दोन तोंडांचा आहे. नुसतं "बिलकुल" म्हणजे हो, अगदी हो. पुढे "न्हाई" जोडलं की नावालाही नाही. मामी म्हणायच्या, "आमच्या मानसाला ह्या शब्दाचा आर्धाच भाग येतो. बाकीचा मी भोगून राह्यले." मामा यावर हसायचे आणि सुरुवातीच्या वर्षांत मामीही हसायच्या. दुष्काळाच्या साली शेजारणीनं एक घागर पाणी मागितलं, तेव्हा मामा दुकानातून "बिलकुल" म्हणाले आणि मामींनी घरातली एकुलती भरलेली घागर उचलून दिली. मग रिकाम्या घागरी घेऊन टँकरच्या रांगेत पुन्हा मामीच उभ्या राहिल्या. मामांचा होकार पुष्कळदा दुसऱ्याच्या डोक्यावरून वाहिला जायचा, पण हे त्यांना कुणी समजावून सांगितलं नाही आणि त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

त्यांची सुशीला आणि मी एका वर्गात. दुपारी दुकान थंड असलं की आम्ही दोघी सायकली काढायचो आणि दांड्याखालून पाय घालून वाकड्यातिकड्या हाणायचो. एवढाल्या पोरी सायकलवर फिरतात म्हणून गल्लीतली थोर मंडळी एकदा तक्रार घेऊन आली. "बंद करा हे," म्हणाली. मामा म्हणाले, "बिलकुल." मंडळी समाधानानं गेली. मग मामांनी आम्हाला जवळ बोलावलं आणि हळूच सांगितलं, "ह्या गल्लीतून जाऊ नका. स्टेशनाच्या रस्त्यानं जा, तिकडं कोनी बघत न्हाई." मला हा माणूस त्या दिवसापासून फार आवडायला लागला. भांडण न करता जिंकता येतं असं मला वाटलं. ते नेहमी जिंकता येत नाही, हे कळायला पुढे फार वेळ लागला नाही.

सुशीचं गणित पक्कं होतं. आमच्या वर्गात बाई फळ्याजवळ तिला बोलवायच्या आणि आम्ही बाकीच्या सुटकेचा निःश्वास टाकायचो. तिला शाळेत बाईच व्हायचं होतं. मामा पंक्चर काढता काढता गिऱ्हाइकाला सांगायचे, "आमची सुशी मास्तरीण व्हनार हाये. दहावी झाली की पुढं घालनार तिला." हे सांगताना मात्र ते मान वर करायचे.

आम्ही दहावीत होतो तेव्हा मंठ्याकडचे पाहुणे आले. आधी कुणीतरी सुशीला देवळात पाहिलं होतं. मुलाचे वडील घरात न जाता आधी दुकानातच टेकले, जुनी ओळख काढली, पाऊसपाण्याचं बोलले. मामा घमेल्यातल्या काळ्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत होते. पाहुणे म्हणाले, "मंग फागुनात उरकून टाकायचं का पोराचं?" "बिलकुल," मामा म्हणाले.

दुसऱ्याच्या पोराचं काय, उरका की, असं त्यांच्या मनात होतं, असं मामी सांगायच्या. मामांनी स्वतः कधी सांगितलं नाही. पण पाहुण्यांनी सुशीशी सोयरीक पक्की झाली असं धरून तिथल्या तिथे साखर मागवली आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातावर ठेवली. मामांच्या हातावरही ठेवली. ओल्या काळ्या तळहातावर ती साखर विरघळली.

घरात मामींनी त्यांना फैलावर घेतलं. "जा, सांगा त्यानला की चूक झाली."

"साखर वाटली गं त्यांनी. आता कसं सांगू?"

सुशी दाराला टेकून उभी होती. ती बापाला एवढंच म्हणाली, "दादा, परीक्षा तरी देऊ द्या." मामांनी तो निरोप मंठ्याला धाडला. लग्नानंतर परीक्षेला पाठवाल का म्हणून विचारलं. तिकडून उत्तर आलं, "बिलकुल." हे ऐकून मामांना बरं वाटलं. मला त्या बरं वाटण्याचा आजही राग येतो. स्वतःच्या बिलकुलची किंमत त्यांना ठाऊक असायला हवी होती.

परीक्षेला मी एकटीच बसले. सुशीचा बाक रिकामा होता.

लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला सुशी माहेरी आली ती ओळखू येईना. झोका बांधला होता, तिकडे ती फिरकली नाही. बांगड्यांच्या वर, दंडावर, डाग होते. "चुलीचं लागलं," ती म्हणाली. दंडाला चूल कशी लागते, हे मी विचारलं नाही. मामींनी विचारलं, तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून निजली. मामा दारातून बघत होते. त्या सणात त्यांनी कुणालाच सायकल दिली नाही.

सासरे न्यायला आले तेव्हा मामा दुकानात घमेल्यापुढे बसले होते, त्याच जागी. मी सुशीजवळ आत होते. दारातून बाहेरचं सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं.

"मंग, पाठवता ना सूनबाईला?"

"बिलकुल," मामा म्हणाले.

सुशीनं पिशवी उचलली. मामींनी पदर तोंडात धरला. मला वाटलं, बाहेर जाऊन ते घमेलं मामांच्या डोक्यावर पालथं घालावं. पण मामा उठले होते. धोतराला हात पुसत ते म्हणाले, "न्हाई. बिलकुल न्हाई पाठवनार."

पुष्कळ आरडाओरडा झाला. शब्द फिरवला, पोर घरात कुजेल, जातीत तोंड दाखवता येणार नाही. मामा खाली मान घालून ऐकत राहिले, पण दारातून हलले नाहीत. पाहुणे गेल्यावर ते आत आले. सुशी पिशवी धरून तशीच उभी होती.

"ठेव ती पिशवी," मामा म्हणाले.

"तुम्ही तर बिलकुल म्हनलात."

"पुरं ऐकत जावं मानसाचं."

"आधी कधी पुरं बोललात का, दादा?"

मामा तिथेच उंबऱ्यावर बसले आणि रडले. बापाला रडताना बघायची सुशीला सवय नव्हती, तरी ती जवळ गेली नाही. तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

पुढचं सगळं गोड झालं नाही. गल्लीनं मामांना पुष्कळ दिवस लग्नाकार्याला बोलावलं नाही. सुशीनं बाहेरून दहावी दिली, पण बाई व्हायचं राहूनच गेलं. ती एमआयडीसीत बियाण्याच्या कारखान्यात कामाला लागली आणि मामांच्याच सायकलवरून जायची, गल्लीच्या मधून. बापलेकीत बोलणं असायचं, जेवलात का, औषध घेतलं का, इतपत.

मामा आजारी पडले तेव्हा मी सासरहून भेटायला गेले. पार वाळले होते. सुशी उशाशी बसून चमच्यानं पेज भरवत होती. मी विचारलं, "मामा, आता बरं वाटतंय ना?"

"बिलकुल," मामा म्हणाले.

सुशीनं चमचा तसाच हातात धरला. आम्ही दोघी त्यांच्या तोंडाकडे बघत पुढच्या शब्दाची वाट पाहत राहिलो. तो आला नाही.