पाळीखालचं गढूळ पाणी

मी नांदेडला डिप्लोमाच्या मुलांना सिव्हिल शिकवते. माती, पाणी, दाब... सगळं मोजून बघायची सवय. भुताखेताच्या गोष्टी निघाल्या की मी उठून चहा टाकायला जाते, असा माझा लौकिक. त्यामुळे हे लिहिताना जरा अवघडच वाटतंय.

जळकोटपासून आत, डोंगराच्या कुशीत मामांचं शेत आहे. तिथं आजोबांनी स्वतःच्या जमिनीत मातीची पाळ, म्हणजे बांध, घालून ओढा अडवला आणि छोटा तलाव केला. खाजगी असल्यामुळे तपासायला कुणी फिरकत नाही. आणि पाळीच्या खालीच सहा घरांची वस्ती.

सप्टेंबरातली गोष्ट. दोन दिवस पाऊस लागून तिसऱ्या दिवशी उघडीप होती. सकाळचे दहा वाजले असतील. तलाव काठोकाठ भरलेला. मामा पलीकडच्या टोकाला, जादा पाणी वाहून जातं त्या सांडव्यापाशी होते. मी पाळीच्या मधोमध उभी राहून फोटो काढत होते. वारा जोराचा.

तेवढ्यात कानाशी कुणी बोलावं तसं ऐकू आलं — "ताई, खाली बघ. पाणी गढूळ येऊन ऱ्हायलंय."

वस्तीवरची कुणी बाई असेल म्हणून वळले... तर कुणीच नाही. खाली वाकून पाहिलं तर नुसती बेशरमाची झुडपं. तरी उतरले. झुडपं बाजूला केली. मुठीएवढ्या भोकातून पाणी उसळत होतं, अन् त्याच्याभोवती मातीचं गोल आळं साचलं होतं.

मातीच्या धरणातून थोडं नितळ पाणी झिरपतंच. पण गढूळ पाणी म्हणजे धरण आतून पोखरलं जातंय. काही तासांचा खेळ.

मी वर चढून हात हलवला तसे मामा धावत आले. भोक बघून म्हणाले, "काळी माती कोंबून बुजवू."

"नको मामा. बुजवलं तर दुसरीकडून फुटेल. पाणी येऊ द्यायचं, माती थांबवायची."

वस्तीवरची म्हातारी माणसं, लेकरं, शेळ्या आधी वरच्या माळावर नेल्या. मग तळातून पाणी सोडायच्या मोरीचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. मामांनी जेसीबी मागवून सांडवा खोल करून घेतला. उरलेल्या बाया-माणसांनी ओळ करून वाळू अन् बारीक खडी वाहिली. भोकावर आधी वाळू, वर खडी, भोवती पोत्यांचं कडं. कुणी जेवायला थांबलं नाही. दुपारी चारला पाणी नितळ झालं. मी ओंजळीत घेऊन तीनदा पाहिलं.

दिवस मावळायच्या आत तलाव निम्मा उतरला. माळावर चहा पिताना मामा म्हणाले, "ती बाई कुठं गेली गं?"

"कोणती?"

"तुझ्या मागं हुबी व्हती ती. हिरवं लुगडं. हात करून खाली दावत व्हती. तिचं ऐकूनच तू उतरलीस न्हवं का?"

"तुम्हाला तिचं बोलणं ऐकू आलं?"

"न्हाई. एवढ्या वाऱ्यात काय ऐकू येतंय? नुसती दिसली."

मला दिसली नव्हती. नुसती ऐकू आली होती.

मी तशीच पाळीवर गेले. सगळं काम खाली चाललेलं, त्यामुळे वरचा चिखल शाबूत होता. मी उभी होते तिथं माझ्या बुटांचे अन् मामांच्या चपलांचे ठसे, तिसऱ्या कुणाचेच नाहीत. वस्तीत विचारलं — हिरव्या लुगड्यातली कुणी नव्हती.

उन्हाळ्यात आम्ही तेवढा भाग खणून नव्याने दाबून भरला, झुडपं काढली, पायथ्याला खडीची नाली केली. वस्तीतल्या बायांनी पावसाळ्यात रोज सकाळी पाळीखालून चक्कर मारायचे दिवस वाटून घेतलेत. पाण्याचा रंग त्या आता माझ्यापेक्षा चांगला ओळखतात. यंदाही तलाव भरला. सहाही घरं जागेवर आहेत, आणि एक सातवं उभं राहतंय.

वर्गात हे उदाहरण सांगते तेव्हा कुणीतरी विचारतंच — मॅडम, झुडपाआडची गळती तुम्हाला वरून कशी कळली?

"कुणीतरी सांगितलं," एवढंच म्हणते. ते खरंच आहे. कुणी, ते मला अजूनही माहीत नाही.