काठीच्या मापाची गाडी

आमच्या नानांना जगातली एकही गाडी पसंत नव्हती, आणि तरीही कितीतरी वर्षं ते गाडी घेत होते. घेत होते म्हणजे घ्यायची की नाही हे ठरवत होते. वस्तीवर पाहुणा आला की त्याच्या चहाच्या आधी त्याच्या गाडीचा पंचनामा व्हायचा. नाना हात मागे बांधून गाडीभोवती एक फेरी मारायचे, टायरला चपलेचं टोक लावायचे आणि निकाल द्यायचे, "वरून रंग हाय, आतून पत्रा हाय." पाहुणा त्याच गाडीचे पेढे द्यायला आलेला असला तरी नानांना त्याचं काही नसायचं. पेढा खाऊन झाल्यावर ते तेच वाक्य पुन्हा म्हणायचे.

नाना माझे थोरले चुलते. घोडेगावपासून थोडं आत आमची वस्ती आहे. वडील नोकरीसाठी बाहेर पडले, नाना जमिनीवर राहिले. मी सुप्याला एमआयडीसीत, गाड्यांच्या रबरी नळ्या बनवणाऱ्या कारखान्यात आहे, त्यामुळे मला गाड्यांमधलं कळतं असा घरात समज आहे. नानांचा नव्हता. "नळ्या करनाऱ्याला गाडीतलं काय कळतंय," असं ते माझ्या तोंडावर म्हणायचे. पण शोरूमला जायचं असलं की फोन मलाच यायचा. मी काहीतरी बोलावं आणि त्यांनी मला गप्प करावं, यात त्यांना फार समाधान होतं.

ही खोड त्यांना घोडेगावच्या जनावरांच्या बाजाराने लावली असावी. काही घ्यायचं नसलं तरी नाना बाजार चुकवत नसत. एखाद्या देखण्या बैलापुढे उभे राहून ते हळहळल्यासारखं म्हणायचे, "खांदा बरा हाय, पन डोळ्यात आळस हाय." मालकाचा चेहरा पडला की नाना पुढच्या दावणीला. असा दिवसभर लोकांचा हिरमोड करून, भेळ खाऊन, ते प्रसन्न मनाने घरी यायचे. आमच्या गोठ्यातली सगळी जनावरं मात्र नानीने पसंत केलेली होती, कारण नानांच्या पसंतीची वाट पाहिली असती तर गोठा रिकामाच राहिला असता.

पुढे त्यांच्या डोक्यात छोटी फोर बाय फोर शिरली. चारही चाकं ओढणारी, पण अंगाने लहान. असलीच गाडी का, हे सांगायला हवं, कारण नानांची खरी अक्कल इथे दिसते. डांबरी सडकेपासून आमच्या वस्तीपर्यंत एक पाणंद येते. दोन्ही बाजूंना शेतं आणि मधून मातीची वाट. मी लहान असताना या वाटेवर समोरासमोर आलेल्या दोन बैलगाड्या आरामात निघून जायच्या. वाटेच्या एका अंगाला नानांचं रान, दुसऱ्या अंगाला शेजारच्या भाऊरावांचं. नांगरट आली की दोघेही वाटेची थोडीथोडी कड आपल्या रानात घ्यायचे. यंदा याने घेतली म्हणून पुढच्या वर्षी त्याने. असं करत करत वाट इतकी बारीक झाली की दोन्हीकडचा ऊस वर एकमेकाला टेकायला लागला. पाऊस झाला की उरलेल्या वाटेतली काळी माती अशी काही व्हायची की पायातली चप्पल आत राहायची आणि पाय तेवढा वर यायचा.

यावर नानांचं गणित असं होतं. मोठी जीप चिखलातून येईल, पण उसात अडकेल. साधी लहान गाडी उसातून येईल, पण चिखलात अडकेल. म्हणून गाडी लहान हवी आणि चारही चाकांनी ओढणारी हवी. हे ते इतक्या गंभीरपणे समजावून सांगायचे की ऐकणारा मान डोलवायचा. वाट अरुंद कुणी केली, हे त्यांना विचारायची सोय नव्हती. मी एकदा विचारलं. "त्या भाऊरावानं," ते म्हणाले, आणि त्यांना ते अगदी मनापासून वाटत होतं.

पाणंद रुंद करून खडी टाकायची सरकारी योजना आली, तेव्हा सरपंच आणि तलाठी वस्तीवर आले होते. अट एवढीच होती की दोन्ही बाजूंनी सारखी जागा मोकळी करून द्यायची. नानांच्या वाट्याला उसाच्या दोन सऱ्या, म्हणजे दोन ओळी, येत होत्या. तेवढ्या रानावर कुणी श्रीमंत होत नाही आणि कुणी भिकेलाही लागत नाही. नाना म्हणाले, "मी सोडतो की. आधी त्यानं सोडू द्या." भाऊरावही शब्द न बदलता हेच म्हणाले. दोघांचं इतकं एकमत मी दुसऱ्या कशावरही पाहिलं नाही. तलाठी चहा पिऊन गेला.

नानी या सगळ्यात काही बोलत नसे. पावसाळ्यात कुठे जायचं झालं तर ती ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून जायची, गुडघे दुखत असले तरी. एका पावसाळ्यात ती सडकेवरून पायी येताना पाणंदीत घसरली आणि तिचा खुबा मोडला. तिला बाजेवर घालून चौघांनी सडकेपर्यंत नेलं. एका अंगाला नाना होते आणि दुसऱ्या अंगाला भाऊराव. श्रीरामपूरला ऑपरेशन झालं आणि ती तिथेच सुनंदाकडे, म्हणजे मुलीकडे, राहिली. वॉकर घेऊन चालू लागल्यावर नाना तिला आणायला गेले, तेव्हा ती म्हणाली, "वाट हुईल त्या दिवशी मी यीन." नाना माघारी आले आणि मला फोन करून म्हणाले, "आता गाडी घ्यावीच लागंल. तुझी नानी गाडीशिवाय येत न्हाई म्हनती." सुनंदाने मला आधीच सांगितलं होतं. मी म्हटलं, "नाना, ती वाट म्हणाली." "तेच ते," ते म्हणाले.

तेच ते नव्हतं, हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं. दोन सऱ्या ऊस सोडला असता तर नानी महिन्याभरात घरी आली असती. पण त्यासाठी भाऊरावांच्या आधी सोडावं लागलं असतं, आणि त्यापेक्षा नानांना भारीतली गाडी घेणं सोपं वाटत होतं. मला तेव्हा त्यांची चीड यायची. हा माणूस घरी एकटा कसा राहील, हेही मनात यायचं, आणि त्याने आणखी चीड यायची.

एकटे म्हणजे कसे, तर दोन्ही वेळचा डबा भाऊरावांच्या घरून. भाऊरावांची मालकीण भाकरी आणि कालवण बांधून पाणंद ओलांडून द्यायची. नाना जेवायचे, डबा स्वच्छ घासून परत द्यायचे आणि मला सांगायचे, "कालवन बरं करती. मानूस बरा न्हाई तिचा." एकाच माणसाच्या घरचं खायचं आणि त्याच्याशीच वाटेवरून अबोला धरायचा, यात त्यांना काही वावगं वाटत नसे. भाऊरावांनाही नसे. आमच्याकडे भांडण रानाचं असतं, भाकरीचं नसतं.

नगरच्या शोरूममध्ये नाना जे काही करायचे ते आठवलं की मला आजही कुठे लपावं असं होतं. पहिल्या खेपेला ते गाडीखाली आडवे झाले. दुसऱ्या खेपेला मागच्या सीटवर बसून उठेचनात. "बसून बघतोय," म्हणाले. तिथला टायवाला मुलगा त्यांना "सर, सर" करून दमला. नाना त्याला म्हणाले, "हिला दार हाय का खिडकी हाय? म्हातारं मानूस आत जायाचं कसं?" मग स्वतः तीनदा आत जाऊन बाहेर आले. आणि सगळं झाल्यावर पुन्हा, "बघू. घाई काय हाय."

शेवटच्या खेपेला मात्र ते वेळूची एक लांब काठी घेऊन आले. पाणंद जिथे सगळ्यात अरुंद, तिथे आडवी धरून बरोब्बर कापलेली. ती काठी त्यांनी एसटीतून नगरला आणली होती आणि त्यावरून कंडक्टरशी वाद घालून आले होते. शोरूममधल्या गुळगुळीत फरशीवर त्यांनी ती गाडीपुढे आडवी ठेवली. गाडी काठीत बसत होती, फक्त दोन्हीकडचे आरसे बाहेर राहत होते. आजूबाजूची गिऱ्हाइकं बघायला लागली. नानांनी खाली बसून एक डोळा मिटून नीट पाहिलं आणि त्या मुलाला विचारलं, "आरसं मिटत्यात का?" त्याने बटण दाबलं. दोन्ही आरसे कानासारखे मागे गेले. "मंग बांधा," नाना म्हणाले. इतकी वर्षं जे ठरत नव्हतं ते एका बटणाने ठरलं. इंजिन कसलं आहे, हे त्यांनी विचारलंही नाही.

गाडी खरोखर वस्तीवर आली. नाना ती ट्रॅक्टरसारखी चालवायचे, दोन्ही हातांनी चाक आवळून. उसाच्या पानांनी दोन्ही बाजूंचा रंग पहिल्या आठवड्यातच ओरबाडून काढला. पण ती अडकली मात्र नाही. पहिला मोठा पाऊस झाला त्या दिवशी नानांनी ती मुद्दाम चिखलात घातली आणि सडकेला लावली. भाऊराव बांधावर उभे राहून बघत होते. नानांनी त्यांच्याकडे पाहून हॉर्न दिला.

मग आम्ही नानीला आणायला श्रीरामपूरला गेलो. मी बरोबर होतो. नाना टोपी बदलून आले होते. सुनंदाच्या दारात गाडी उभी करून ते आत गेले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "चल. गाडी आनलीय."

नानीने खिडकीतून गाडी पाहिली. "बरी हाय," ती म्हणाली. "वाट झाली का?"

"आता वाटंचं काय काम? ही कशातनं बी जाती."

"मी बी जात हुते की कशातनं बी," नानी म्हणाली. तिने वॉकर ओढून घेतला आणि चहा टाकायला आत गेली.

नाना चहा प्यायले आणि आम्ही परत आलो. रस्ताभर ते फक्त एकदा बोलले, "तिला रंग पसंत नसंल." त्यानंतर ते दर आठवड्याला जाऊ लागले. तिच्यासाठी घरची भाजी न्यायचे, चहा प्यायचे, आज गाडी कुठे अडकली नाही ते सांगायचे आणि एकटेच परत यायचे. नानी वाट झाली का ते विचारायची. नाना म्हणायचे, "न्हाई. त्यानं अजून सोडलं न्हाई." असं वर्ष गेलं, दुसरंही गेलं. दोघांपैकी कुणीही एक शब्द इकडचा तिकडे केला नाही.

हिवाळ्यात एका सकाळी भाऊरावांची मालकीण डबा घेऊन आली, तेव्हा नाना अंथरुणातून उठले नव्हते. झोपेतच गेले होते. मी सुप्याहून पोचलो तोवर सुनंदा नानीला घेऊन निघाली होती. त्यांची भाड्याची गाडी मोठी होती, ती सडकेलाच थांबली. पाणंद कोरडी ठणठणीत होती, पण ऊस तोडणीला आलेला, दोन्हीकडून झुकलेला. वॉकर घेऊन तेवढं अंतर नानीला जमणार नव्हतं. खुंटीवरची चावी घेऊन मी नानांची गाडी सडकेला नेली. नानी त्या गाडीत तेव्हा पहिल्यांदा बसली. मी आरसे मिटले आणि गाडी आत घातली. दोन्ही काचांवर पानं घासत होती. अर्ध्या वाटेत तिने मला थांबायला सांगितलं.

"ही आपली बाजू ना?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. "मानसं बोलाव. दोन सऱ्या काढ म्हनावं. लोकं यांना न्यायला कुठनं येनार?"

कोयते आणायला मी भाऊरावांच्या घरी गेलो. त्यांनी विचारलं, कशाला. मी सांगितलं. ते स्वतः कोयता घेऊन आले आणि त्यांच्या बाजूच्या सऱ्यांना लागले. दुपारपर्यंत वाट दोन्ही अंगांनी मोकळी झाली. इतकी की नानांना चौघांनी खांद्यावर घेतल्यावर दोन्ही बाजूंना माणसं चालू शकली. तिकडून परतताना भाऊराव माझ्या शेजारी आले. "त्यो हुता तवर मला सोडता आलं न्हाई बघ," ते म्हणाले. त्यांचे डोळे पुसायला त्यांच्याकडे उपरणं होतं, माझ्याकडे काहीच नव्हतं.

आता पाणंदीत खडी पडली आहे आणि नानी वस्तीवर राहते. डबा अजून भाऊरावांकडून येतो, आणि कधीकधी इकडून तिकडे जातो. मागच्या खेपेला मी ओट्यावर बसलो होतो तेव्हा तिने आपण होऊन नानांचा विषय काढला.

"गाडी घेऊन आलं हुतं ना, त्या दिवशी नुसतं 'सोडतो' म्हनालं असतं तरी मी बसले असते," ती म्हणाली. "सोडलं नसतं तरी चाललं असतं. खोटं म्हनालं असतं तरी."

नानांनी जन्मभर लोकांच्या गाड्यांना, बैलांना आणि माझ्या अकलेला नावं ठेवली. बायकोपेक्षा दोन सऱ्या ऊस मोठा धरला. एवढं सगळं करून खोटं तेवढं ते कधी बोलले नाहीत, आणि त्या दिवशी ते बोलायला हवे होते. मला त्यांचा राग अजून गेलेला नाही. त्यांच्याशिवाय वस्तीवर करमतही नाही.