मामाचे चौदा सेकंद

माझ्या मामाने उभं आयुष्य पालिकेच्या सिग्नल विभागात काढलं आणि तिथून घरी एक वाक्य आणलं: "हे शहर माझ्या चौदा सेकंदांवर चालतं." कोणाचं लग्न असो, कोणाची सत्तरी असो, नवा पाहुणा दिसला की मामा त्याला कोपऱ्यात गाठून हे ऐकवायचाच. पाहुण्याने चुकून "म्हणजे?" म्हटलं की त्याचं जेवण गार झालंच म्हणून समजा.

म्हणजे असं. पायी रस्ता ओलांडणाऱ्यांसाठी हिरवा दिवा किती वेळ ठेवायचा, हे ठरवायला अडतीस वर्षांपूर्वी मोजणी झाली. वीस मीटर रुंदीचा रस्ता, हातात स्टॉपवॉच घेतलेले मोठे साहेब आणि चालायला विभागातला सगळ्यात नवा माणूस, म्हणजे सव्वीस वर्षांचा मामा. त्याला चौदा सेकंद लागले. आकडा फाइलीत गेला, खाली मामाची सही झाली आणि पुढे शहरात जे बासष्ट सिग्नल बसले ते सगळे याच चालीवर बसले. तक्त्यातल्या त्या रकान्याला मामाने नाव दिलं होतं 'पादचारी अडथळा कालावधी'. त्याच्या लेखी शहर म्हणजे गाड्या. माणसं उगाच मध्ये मध्ये यायची.

ऑफिसात त्याला 'चौदासाहेब' म्हणत. मामा ते कौतुक समजायचा आणि आम्हीही त्याचा तो गैरसमज जपला.

माझी आई त्याची थोरली बहीण, वय एकाहत्तर. मी तिच्याजवळ राहते. आमचं घर आणि मामाचं घर एकाच चौकात, समोरासमोर, मध्ये फक्त रस्ता. बाबा गेल्यापासून आई रोज चार वाजता पलीकडे जायची, मामाच्या हातचा चहा प्यायची, त्या चहाला नावं ठेवायची आणि ताजीतवानी होऊन परत यायची. चार वर्षांपूर्वी हे एकदम बंद पडलं. मी विचारलं तर म्हणाली, "त्याचा चहा पांचट असतो." चहा पहिल्यापासून पांचटच होता. मामाला विचारलं तर तो म्हणाला, "अक्काला कसलातरी राग आलाय. येईल आपोआप."

तोही इकडे आला नाही. रागावलेल्या माणसाकडे आपण आधी गेलो की चूक आपली ठरते, आणि मामाचं डोकं दाराला आपटलं तरी चूक दाराची असते, असं मामी म्हणते. रोज फोन मात्र व्हायचा. दोघं आपापल्या गॅलरीत उभी राहून, एकमेकांकडे बघत, पोटभर बोलायची. मला हे बघून आधी हसू यायचं, नंतर नंतर वाईट वाटायला लागलं.

गेल्या वर्षी मामाचा गुडघा बदलला. काठी घेऊन बाहेर पडायची परवानगी मिळाली तसा तो मोठ्या मनाचा झाला आणि अक्काकडे जायला निघाला. अर्ध्यावर पोचला तोच दिवा लाल झाला. एका टेम्पोवाल्याने मान बाहेर काढून विचारलं, "आजोबा, जरा सकाळीच निघायचं नाही का?" मामाने आधी काय केलं असेल, तर घड्याळ बघितलं. बरोबर चौदा. सिग्नलमध्ये काही बिघाड नव्हता, हीच तर पंचाईत होती.

तो कसाबसा मागे फिरला. गॅलरीतून आई हे बघत होती. तिने लगेच फोन लावला आणि एवढंच म्हणाली, "माझंही तिथेच अडतं. गटाराच्या झाकणापाशी."

राग नव्हताच. चार वर्षं तिला रस्ता पुरा होत नव्हता आणि ते कोणाला सांगायची तिला लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी मामा जुन्या ऑफिसात गेला. त्याच्या खुर्चीत आता एक तरुण इंजिनिअर बाई बसते. तिला कामाला मामानेच तयार केलेलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"काका, पायी माणसांचे सेकंद वाढवले की गाड्या तुंबतात, हे तुम्हीच शिकवलंत मला."

"शिकवलं खरं."

"आणि आकडा मोजून घेतलेला आहे. फाइलीत सही आहे." तिने फाइल उघडली, सही बघितली आणि जरा ओशाळली. "मोजणी चुकली होती असं कोणीतरी लेखी दिलं, तर नव्याने करता येईल. पण मग बासष्टच्या बासष्ट चुकले, असं होईल."

"जो चालला त्यानेच दिलं तर?"

"मग कोण नाही म्हणणार?"

पुढचे तीन दिवस मामा जेवणाला नावं न ठेवता जेवला. मामीचा जीव टांगणीला लागला. चौथ्या दिवशी ऑफिसातून येताना मी त्यांच्याकडे डोकावले, तर माझं अक्षर चांगलं म्हणून मामाने मला पत्र लिहायला बसवलं. पहिल्या मसुद्यात दोष नव्या बुटांचा होता, दुसऱ्यात पाठीमागून आलेल्या वाऱ्याचा. दोन्ही मी फाडले. तिसऱ्या वेळी तो खिडकीकडे बघत सांगू लागला.

"लिही. मोजणीच्या दिवशी मी नेहमीसारखा चाललो नाही. मोठे साहेब बघत होते. शिवाय ऑफिसच्या पायरीवर एक मुलगी उभी होती, नकाशे काढणाऱ्या विभागातली. म्हणून मी छाती काढून, ढांगा टाकत चाललो."

"मी कुठे बघत होते?" मामी आतून म्हणाली. "मी डबा खात होते."

अडतीस वर्षं सगळं शहर, अवघडलेल्या बायकांपासून काठीवाल्या म्हाताऱ्यांपर्यंत, मामीवर छाप पाडायच्या वेगाने रस्ते ओलांडत होतं. मी पोट धरून हसले. मामा हसला नाही. त्याने पेन मागून घेतलं आणि अडतीस वर्षांपूर्वीचीच ती झोकदार सही केली. मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

पत्र पोचलं, नवी मोजणी ठरली. इंजिनिअर बाई म्हणाली, "काका, चालाल?" मामा म्हणाला, "मी नको. अक्का चालेल. पण तिला सांगायचं नाही." कोणी बघतंय म्हटल्यावर ढांगा टाकायची खोड आमच्या घराण्यातलीच आहे.

ठरलेल्या दिवशी चार वाजता इंजिनिअर बाई स्टॉपवॉच घेऊन सिग्नलच्या पेटीपाशी उभी राहिली; दिवा आज तिच्या हातात होता. मामाने पलीकडून फोन केला, "अक्का, खाली ये. बिनधास्त ये." आई कुरकुरत निघाली. मी मागे राहिले. गटाराच्या झाकणापाशी ती सवयीने थबकली, परत फिरायला वळलीसुद्धा. मग तिने वर बघितलं. दिवा हिरवाच होता. गाड्या उभ्याच होत्या. ती पुन्हा निघाली, आपल्या चालीने, एकदा चप्पल नीट करायला थांबून. सत्तावीस सेकंद. इंजिनिअर बाईने आकडा लिहून घेतला.

मी धावत पलीकडे गेले तेव्हा मामा तिच्यासमोर काठी टेकून उभा होता.

"अक्का, ते चौदा सेकंद चुकीचे होते. चूक माझी होती."

जन्मात पहिल्यांदा त्याच्या तोंडून हे वाक्य ऐकलं म्हणून आई आता त्याची चांगली खेचणार, असं मला वाटलं. तिने आधी दम घेतला. वळून तिने रस्त्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"चार वर्षं मला वाटत होतं," ती म्हणाली, "माझेच पाय चुकतायत."