गुडघ्यावरचा काळा दोरा

पहिली मोठी लढाई संपून थोडी वर्षं झाली होती. धाकटी बहीण चौदाची असेल. उचगावच्या आमच्या विहिरीच्या पायरीवर तिचा गुडघा आपटला. नंतर गुडघ्याच्या वर टणक गाठ दिसली, म्हणून सगळ्यांनी मुका मारच धरला. तेल चोळून उतरेना, तेव्हा आईनं माहेराहून, सदलग्याहून, देवऋषी आणला. त्यानं गाठीवरून काळा दोरा बांधला. "मांसात रुतला तर ते वाढतंय. न्हाय रुतला, तर बांधलं गेलं."

महिना व्हायच्या आत तो रुतला.

बहीण मला म्हणाली, "अण्णा, लई काचतंय रं. आईला सांगू नगंस, रडत बसंल."

मी दोरा सैल केला. पुढं तो पुरेना, तेव्हा बाजारातून तसलाच, पण लांब, आणून आईच्या नकळत बांधला. बोट आत घातलं की ती जागा कढत लागायची, बाकी पाय गार. बहीण वाळत चालली होती.

"समद्या भाकऱ्या गुडघ्यालाच घालतीस व्हय गं?" मी चेष्टा केली.

ती हसली नाही. "त्यालाच भूक लागती," म्हणाली.

आई रोज सकाळी दोरा बघून हात जोडायची.

शेवटी बेळगावच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गाठ दाबून, हलवून पाहिली. ती हाडालाच धरून होती.

"वाढतेय का? वाढत असेल तर आजच मिरजेला नेऊन हाडाचा फोटो काढा."

"न्हाय जी," आई म्हणाली. "दोरा बघा की. बांधला तसा हाय."

बहिणीनं माझ्याकडं पाहिलं. खरं बोललो तर आईसमोर लबाड ठरणार होतो. एवढ्याचसाठी मी छत्रीची मूठ पुसत उभा राहिलो.

मिरजेला गेलो ते भात कापणीनंतर. फोटोत हाडातून बारीक काटे फुटलेले दिसत होते, बाभळीला फुटतात तसे. पाय काढण्याची वेळ गेली होती. दुखणं छातीत पोचलं होतं. ती उन्हाळ्याआधीच गेली.

"दोऱ्यानं धरलं हुतं," आई म्हणत राहिली. "त्या फोटोनं सोडलं."

पुढं माझी मुलगी वर्षाची झाली, तेव्हा आईनं पेटीत जपून ठेवलेला बहिणीचा तो दोरा तिच्या कमरेला बांधला. गुडघ्याचा दोरा कमरेला बरोबर बसला. काही महिन्यांनी, जुन्या सवयीनं, मी बोट घालायला गेलो. जाईना.

"लेकरू वाढतंय रं," आई कौतुकानं म्हणाली. "सैल कर."

माझ्यानं होईना. कात्रीनं दोरा तोडला आणि तिथंच आईला सगळं सांगितलं.

ती रडली नाही. दोरा जमिनीवर सरळ करून, तो केवढा लांब आहे, ते बघत बसली.