लाल उजेडाची बंदूक

काल प्लंबरने पाइप चिकटवायचं सोल्युशन उघडलं आणि त्या झोंबऱ्या वासाने मी थेट लहानपणीच्या गावी, तलवाड्याला पोचले.

शाळेच्या गॅदरिंगसाठी मी अंतराळवीराची बंदूक केली होती. आटलेल्या बोअरच्या पाइपाचे तुकडे चिकटवले, नळीत बॅटरी बसवली, तोंडाला लाल कागद लावला. त्या वर्षी दुष्काळ होता, लोक पाण्याचे टँकर वाटेतच अडवून पळवायचे. तरी गावाला पाणी आणणारा साखर कारखान्याचा टँकर वळणावर दिसताच मी रस्त्यात उभी राहून बंदूक रोखली.

"गोळी घालू नगा!" ड्रायव्हर किंचाळला, आणि टँकर मागे वळवून पाण्यासकट पळाला.

घागरींची रांग तशीच राहिली. रांगेतून आई पुढे आली. "कावून केलं गं आसं?"

मला मात्र बंदूक खरी वाटल्याचं हसू आवरत नव्हतं. ते हसू आठवलं, आणि काल मी त्या सोल्युशनचं झाकण घट्ट लावून टाकलं.