तळाच्या पायरीवरचं साल

जतच्या एसटी स्टँडवर आबांनी माझा जन्मतारखेचा शाळेचा दाखला बंडीच्या आतल्या खिशातनं काढला, आणि माझ्या हातात न देता मामाच्या हातात दिला. "जपून ठेव. हिला उगी दावत बसू नगंस." मामा फौजेतनं रिटायर होऊन साताऱ्यात स्थायिक झालेला. आमच्या विहिरीत मला पोहताना बघून त्यानंच मला तिकडं न्यायचं ठरवलं होतं. खाली आई पदर डोळ्याला लावून उभी होती आणि खिडकीत बसून माझ्या डोक्यात एकच घोळत होतं: दाखला माझा, मग तो मलाच का दाखवायचा नाही? घर सोडताना पोरी रडतात म्हणे. मी संशय घेऊन निघाले.

माझा स्वभावच तसा, काय करणार! साताऱ्याच्या तलावातलं निळंशार पाणी बघून मी आधी एक चूळ भरली आणि थुंकले. आमच्याकडं प्यायचं पाणी टँकरनं यायचं, आणि इथं एवढं पाणी नुसतं पोहायला? नक्कीच काहीतरी गोम असणार. तिथल्या पोरीही माझ्याकडं तशाच बघायच्या. "जतला प्यायला पाणी नाही, आणि ही पोहायला कुठं शिकली गं?" आता आबांनी आणि काकानं खणलेली विहीर, पावसाळ्यानंतर चार महिने तिला असणारं पाणी, पाठीला रिकामा डबा बांधून आबांनी मला दिलेला धक्का, हे सगळं कुणाकुणाला सांगत बसू? मी सरळ पाण्यात त्यांना मागं टाकायची.

दुसऱ्या वर्षी चौदा वर्षांखालच्या मुलींत मी राज्यात पहिली आले. दुसरी आली सांगलीची मधुरा, कृष्णाकाठच्या ऊसवाल्या घरातली. आमच्यात अंतर किती, तर हाताच्या पंजाएवढं. तिच्या वडलांनी लगेच तक्रार केली: या मुलीचं वय जास्त आहे. माझ्या मनगटाचा एक्स-रे काढला. दाखल्याच्या विरोधात काही दिसत नाही, असं डॉक्टर म्हणाले आणि पदक माझ्याकडंच राहिलं. मी रागानं लालबुंद होऊन गावातल्या दुकानात फोन लावला, आबांना बोलावून घेतलं. मला वाटलं, ते भडकतील, त्या माणसाला चार शिव्या हासडतील. आबा म्हणाले, "दाखल्यावर हाय ते खरं."

बास, एवढंच. 'आमी खोटं कशाला सांगू' असं ते म्हणाले नाहीत, आणि ते न म्हटलेलं वाक्य मी एवढी वर्षं उराशी घेऊन फिरते आहे.

पुढं मोठ्यांच्या गटात देशात पहिली आले, एकदा नाही, तीनदा. खेळाडूंच्या कोट्यातनं नोकरी लागली. मोठ्यांत वय कुणी विचारत नाही. पण हॉस्टेल, खुराक, चांगले कोच, हे सगळं मिळालं ते त्या पहिल्या पदकामुळं. मधुरानं मात्र त्याच वर्षी पोहणं सोडलं.

आता त्याच तलावावर मी शिकवते. ॲडमिशनचे दाखले मीच तपासते. निम्म्या पोरांचा वाढदिवस एक जून! शाळेत नाव घालताना मास्तरांनी ठोकून दिलेली तारीख. मी आईबापांकडं रोखून बघते, ते आपल्या चपलांकडं बघतात. मनात म्हणते, बघा बघा, माझीही एक जूनच आहे.

गावाकडं जायची ती सुद्धा पाहुणी म्हणून कमी आणि तपासणीला म्हणून जास्त. आईचं एक ठरलेलं वाक्य होतं: "हिरीला पाणी लागलं आन् तिसऱ्या दिशी तू झालीस." त्याच उन्हाळ्यात पायऱ्या बांधल्या, आणि तळाच्या पायरीवर ओल्या सिमेंटात आबांनी खिळ्यानं साल कोरलं. मग ती पायरी गाळात गेली. कुठलं साल, असं विचारलं की आई चिडायची. ती सीमेपलीकडची, चिडली की कन्नडात "साकु!" म्हणायची, म्हणजे पुरे. आणि आबा? गाळ काढायचा विषय निघाला की "फुडल्या साली बघू." दरसाल पुढल्या साली! हा माणूस गाळाला जपतोय की त्या आकड्याला, असं माझ्या मनात यायचं, आणि स्वतःचीच लाज वाटायची.

यंदा भावानं ऐकलं नाही, गाळ उपसायला यारी, म्हणजे विहिरीवरची क्रेन, लावली. मी रजा टाकून गेले. विहिरीत उतरले, तळाची पायरी अंगठ्यानं घासली. साल निघालं. दाखल्यापेक्षा एकानं आधीचं.

म्हणजे ती शर्यत मी चौदा ओलांडून पोहले होते. मधुराचे वडील खरं बोलत होते. मी वर बघितलं तर आबा काठावर उकिडवे बसलेले.

"आबा, हे काय?"

"मास्तर म्हणाला, एक साल कमी लावूया, भरतीला उपेगी पडंल. सगळीच लावत्यात. पोरांचं लावत्यात, म्हटलं पोरीचं बी लावू. पोलिसात गेलीस तर बरं. पोहण्याचं कुणाच्या डोक्यात हुतं?"

"आणि तक्रार आली तवा?"

"तवा बोललो असतो तर तू परत आली असतीस. मग?"

मग काय, ते मलाही माहीत होतं. पुढच्याच वर्षी लग्न. मी आबांवर ओरडले, पार घसा बसेपर्यंत, आणि ओरडता ओरडता रडले. माझ्यासाठी एवढं मोठं स्वप्न बघणारा गावात दुसरा कोण होता? आणि त्याच माणसानं मला खोटं करून ठेवलं. दोन्ही खरं होतं.

परतताना गावच्या घरात ठेवलेलं ते पहिलं पदक घेऊन सांगलीत उतरले. मधुराच्या दारात सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, ती म्हणेल, राहू दे गं, झालं ते झालं. तसं ती म्हणाली नाही. पदक घेतलं, पदरानं पुसलं, वडलांच्या हार घातलेल्या फोटोला अडकवलं. म्हणाली, "शेवटपर्यंत हेच म्हणत होते. कुणी ऐकलं नाही." चहासुद्धा विचारला नाही, आणि तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

साताऱ्यातनं आबांना फोन केला. "देऊन आले."

"बरं केलंस." मग म्हणाले, "पोरी, झरा चांगला लागलाय. पाणी वर चढलं, ती पायरी बुडाली. साल आता दिसत न्हाई. पर हाय तिथं हाय."

"व्हय आबा."

"मग कवा येतीस पोहायला?"

गावात राहिलेल्यांनो, माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, घर म्हणजे काय ते मला एवढंच कळलं: माझं खरं वय माहीत असलेली ती एकच जागा आहे. या रविवारी जाते आहे. काही तपासायचं नाही, नुसतं पोहायचं आहे.